केबलच्या न्यूज पॅकमधली अमेरिकेची निवडणूक

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात केबल चालवणाऱ्या मुलाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये नेहमीच्या जोडणीवर एक वेगळा न्यूज पॅक देऊ केला. त्यात मराठी आणि हिंदी बातम्यांच्या खाजगी वाहिन्या होत्या आणि त्यांच्या जोडीला विदेशी इंग्रजी वाहिनीही होती. “काकाजी, अमेरिकेची निवडनूक हाय, रोजचा तमाशा हाय, घेऊनच टाका,” हे त्याचे शब्द. पुढच्या वर्षभरात त्या पॅकने जे दाखवले, आणि विशेषतः जे दाखवले नाही, त्याचे हे परीक्षण आहे. वाहिन्यांची नावे मुद्दाम घेत नाही. तक्रारी कमीअधिक प्रमाणात साऱ्यांनाच लागू आहेत आणि पॅक घेणाऱ्याला त्या एकगठ्ठाच मिळतात.

पैशांचे आधी सांगतो. २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे केबल-दूरसंचारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नवी दरपद्धत लागू झाल्यापासून ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क आहे. मूळ शुल्क १३० रुपये आणि त्यावर जीएसटी असा त्या वेळचा हिशेब होता; सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे. सुट्या वाहिन्या निवडण्याची गोष्ट खेड्यातला केबलवाला सहसा आपण होऊन सांगत नाही, कारण पॅक विकणे त्याला सोपे जाते. चित्राची प्रत चांगली आहे. वीज गेल्यावर सेट-टॉप बॉक्स पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो आणि तेवढ्यात चर्चा संपलेली असते. पण हा दोष पॅकचा नव्हे, आणि चर्चांचा दर्जा पाहता तो दोष म्हणावा की नाही, असाही प्रश्न पडतो.

माझा कल डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिस यांच्याकडे होता, हे वाचकाने लक्षात ठेवावे. ट्रम्प यांच्याविषयी मला फारसे प्रेम नाही आणि त्यांना ‘तात्या’ म्हणून लाडावण्याची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे, तीही मला पटत नाही. या कार्यक्रमांत एक उमेदवार घरातला तात्या असतो आणि दुसरी उमेदवार बहुधा तिच्या हसण्यावरून ओळखली जाते. एवढ्यावरून सूत्रसंचालकाचा कल कळतो. कल असण्याला माझी हरकत नाही, कारण कल नसलेला भाष्यकार मी आजवर पाहिलेला नाही. हरकत आहे ती भूमिकाबदलाचा हिशेब माणूस पाहून मांडण्याला.

याचा नमुना पोळ्याच्या आधीच्या शुक्रवारी, ३० ऑगस्टला पाहायला मिळाला. आदल्या रात्री अमेरिकेत सीएनएनवर हॅरिस यांची मुलाखत झाली होती, आपल्याकडे तेव्हा सकाळ होती. फ्रॅकिंग, म्हणजे जमिनीखालचा खडक पाण्याच्या दाबाने फोडून तेल आणि वायू काढण्याची पद्धत, बंद करावी असे त्या २०१९ मध्ये म्हणाल्या होत्या. आता मात्र आपण बंदी घालणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि आपली मूल्ये बदललेली नाहीत, अशी पुस्ती जोडली. मराठी वाहिनीने पडद्याचे सहा चौकोन केले, खाली लाल पट्टीवर ‘पलटी’ हा शब्द धावत ठेवला आणि मधल्या चौकोनात २०१९ ची चित्रफीत पुन्हा पुन्हा फिरवली. ऑक्टोबर २०२० मधल्या उपाध्यक्षपदाच्या वादविवादात बायडन फ्रॅकिंगवर बंदी घालणार नाहीत असे त्याच हॅरिस यांनी ठासून सांगितले होते, ती चित्रफीत एकदाही आली नाही. म्हणजे बदल चार वर्षांपूर्वीचा होता आणि दाखवला गेला तो कालचा म्हणून. त्यातही मौज अशी, की पेन्सिल्व्हेनिया या राज्यात हा धंदा मोठा आहे आणि अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली त्या राज्याची १९ मते निकाल फिरवू शकतात, हे बदलामागचे सरळ कारण सहा चौकोनांतल्या एकाही पाहुण्याने सांगितले नाही. हॅरिस यांची बाजू घेणाऱ्यानेही सांगितले नाही, आणि माझ्या मते अधिक दोष त्याचाच आहे. मूल्ये तीच आणि धोरण उलटे, हे कसे जमते याचे उत्तर उमेदवाराने द्यायला हवे होते आणि ते मागण्याचे काम तिच्या चाहत्यांचेही होते.

त्याच पॅकमधली एक हिंदी वाहिनी नेमके उलटे करत असे. ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आणण्याचे आदेश काढले होते आणि जून २०२४ मध्ये ते स्वतः त्यावर खाते उघडून बसले. बिटकॉइन हा घोटाळा वाटतो, असे ते २०२१ मध्ये म्हणाले होते आणि जुलै २०२४ मध्ये नॅशव्हिलच्या बिटकॉइन परिषदेत जाऊन अमेरिकेला क्रिप्टोची राजधानी करण्याचे वचन देऊन आले. विजेवरच्या मोटारींची ते सभांतून टवाळी करत. पण ऑगस्टमध्ये अटलांटाच्या सभेत, टेस्ला या विद्युत मोटारींच्या कंपनीच्या इलॉन मस्क यांनी जोरदार पाठिंबा दिल्यामुळे आपल्याला या गाड्यांच्या बाजूने असावेच लागते, असे त्यांनी उघडपणे सांगून टाकले. हे सारे त्या वाहिनीने चवीने दाखवले, तर मराठी वाहिनीवर त्याच गोष्टींना ‘व्यवहारी राजकारण’ असे नाव मिळाले. एकाच रिचार्जमध्ये दोन्ही पक्षांचे वकील मिळतात. न्यायाधीश मात्र पॅकमध्ये नाही.

माझ्या मते भूमिका बदलणे हा मुळात गुन्हा नाही. नवी माहिती मिळाली म्हणून बदललेले मत, मतदारसंघ बदलला म्हणून बदललेले मत आणि देणगीदार मिळाला म्हणून बदललेले मत, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करून दाखवणे हेच भाष्यकाराचे काम. अटलांटाचे वाक्य तिसऱ्या प्रकारातले आहे, फ्रॅकिंगचे दुसऱ्या. आम्हा विदर्भातल्या लोकांना ही जात ओळखायला अमेरिकेत जावे लागत नाही. वेगळ्या विदर्भाच्या बाजूने भाजपने १९९७ साली भुवनेश्वरला ठराव केला होता. २०१४ नंतर केंद्रात आणि राज्यात त्यांचीच सत्ता आली आणि तो ठराव कोणत्या कपाटात गेला, हे विचारण्याचे धाडस याच वाहिन्यांना फार क्वचित होते. काँग्रेसनेही या प्रश्नावर काही वेगळे पुण्य जोडलेले नाही.

पण ‘कोण कितव्यांदा पलटला’ या खेळाचे खरे नुकसान वेगळेच आहे. जी भूमिका बदलत नाही, तिच्याकडे कोणी पाहतच नाही. ट्रम्प यांच्या मतांपैकी सर्वांत टिकाऊ मत आयात शुल्काचे आहे. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये, राजकारणात येण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी स्वतःच्या पैशाने अमेरिकेच्या मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या होत्या आणि जपानसारखे देश अमेरिकेचा फायदा घेतात, त्यांच्याकडून पैसे वसूल करा, अशी मागणी केली होती. २०१९ च्या जूनमध्ये त्यांनी भारताला मिळणारी जीएसपी ही व्यापारी सवलत काढून घेतली, त्याच सप्टेंबरात ह्यूस्टनला पंतप्रधानांच्या हातात हात घालून ते फिरले, आणि २०२४ च्या प्रचारात तर साऱ्या जगाच्या मालावर दहा ते वीस टक्के आणि चीनच्या मालावर साठ टक्के शुल्क लावण्याची भाषा त्यांनी सुरू केली. १७ सप्टेंबरला मिशिगनमधल्या फ्लिंट येथे ते एकाच दमात मोदी हे फार छान गृहस्थ आहेत असे म्हणाले आणि भारत व्यापारात मोठा गैरफायदा घेणारा देश आहे असेही म्हणाले. आमच्या पॅकमधल्या मराठी चर्चेने पहिला अर्धा भाग उचलला आणि त्यावर रात्रीचा तास काढला. दुसरा अर्धा भाग मला दुसऱ्या दिवशी छापील वर्तमानपत्रात सापडला.

दुसऱ्या बाजूचे तर त्याहून मोठे दुर्लक्ष झाले. बायडन २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या शुल्कांवर टीका करत होते. सत्तेवर आल्यावर त्यांनी चीनवरची बहुतेक शुल्के तशीच ठेवली आणि मे २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवरचे शुल्क शंभर टक्क्यांवर नेले. म्हणजे अमेरिकेतले दोन्ही पक्ष एकाच दिशेने सरकत होते. भूमिकाबदल शोधायलाच बसायचे, तर या वर्षातला सर्वांत मोठा हाच होता, आणि तो हॅरिस यांच्या पक्षाचा असल्यामुळे मराठी वाहिनीला आयते कोलीतच मिळाले असते. पण त्यात हसणे नव्हते, चित्रफीत नव्हती, लाल पट्टीवर मावेल असा शब्द नव्हता.

१० सप्टेंबरचा फिलाडेल्फियाचा वादविवाद आपल्याकडे ११ तारखेला सकाळी साडेसहाला दिसला. इंग्रजी वाहिनीने तो सबंध दाखवला. सुरुवातीच्याच काही मिनिटांत शुल्काचा विषय निघाला, हॅरिस यांनी त्याला सामान्य ग्राहकावरचा ‘ट्रम्प विक्रीकर’ म्हटले, ट्रम्प यांनी उलट बायडन सरकारने माझी शुल्के का काढली नाहीत असे विचारले. पूर्ण निवडणुकीतला आमच्या उपयोगाचा हाच संवाद होता. त्यानंतर दिवसभर मराठी आणि हिंदी वाहिन्यांवर ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डची कुत्री-मांजरे फिरत राहिली. तिथले स्थलांतरित लोकांची पाळीव कुत्री-मांजरे खातात, हा ट्रम्प यांचा दावा खोटा होता आणि सूत्रसंचालकांनी तो तिथेच खोडला, हे खरे. हॅरिस यांना तेवढे अडवले नाही, ही ट्रम्पसमर्थकांची ओरडही सर्वस्वी निराधार नव्हती. पण शुल्काचा विषय संध्याकाळच्या चर्चेत आलाच नाही. दुभाष्याचा आवाज मूळ आवाजावर चढवण्याची या वाहिन्यांची खोड अशी, की ज्याला थोडेफार इंग्रजी कळते त्याला दोन्ही कळेनासे होते.

निकाल ३१२ विरुद्ध २२६ असा ट्रम्प यांच्या बाजूने लागला आणि वाहिन्या लगेच विधानसभेच्या प्रचाराकडे वळल्या, ते स्वाभाविकच होते. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क पन्नास टक्क्यांवर गेले. त्याच्या आठवडाभर आधी, ऐन पोळ्याच्या तोंडावर, केंद्र सरकारने कापड गिरण्यांना दिलासा म्हणून कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढून टाकले, आणि सप्टेंबरअखेरपर्यंतची ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आमची पऱ्हाटी फुटून वेचणीला येणार, त्याच महिन्यांत बाहेरचा कापूस बिनशुल्क येणार. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर असताना व्यापारी त्याच्या खाली मागू लागले. हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआय या सरकारी महामंडळाच्या केंद्रावर माल घालायचा तर आधी मोबाइलवरच्या कपास किसान ॲपमध्ये नोंदणी करायची आणि आधार, सातबारा, पीकपेरा घेऊन बसायचे. पानठेल्यावर बसणाऱ्या आमच्या मंडळींना फ्लिंट कुठे आहे ते तेव्हाही माहीत नव्हते. निदान शुल्काची गोष्ट वर्षभर आधी कानावर पडली असती, तर पेरणीच्या वेळी तुरीचे तास वाढवायचे का, एवढा विचार तरी काहींनी केला असता. शुल्क पन्नास टक्क्यांवर गेले त्या रात्री पॅकमधल्या मराठी चर्चेचा विषय होता ‘तात्या का पलटले?’ अडतीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतला माणूस तसूभरही हललेला नसताना.

तक्रार करण्याची सोय आहे, पण ती कितपत उपयोगी ते ग्राहकाने ओळखावे. खाजगी वृत्तवाहिन्यांची स्वनियमनाची जी व्यवस्था आहे, तिच्यातला एक लाख रुपयांचा दंड पुरेसा वाटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ मध्ये सुनावले होते. अमेरिकेत दोन्ही बाजू दाखवण्याचे बंधन १९४९ पासून प्रसारकांवर होते, ते १९८७ मध्ये काढले गेले आणि तिथेही पक्षपाती भाष्याचा बाजार उघडा झाला. मात्र मतदानयंत्रांविषयी खोटे आरोप प्रसारित केल्याच्या खटल्यात फॉक्स न्यूजला एप्रिल २०२३ मध्ये डोमिनियन कंपनीशी ७८ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. तिथला प्रेक्षक आपल्याहून शहाणा आहे असे नाही. तिथले वकील महाग आहेत.

पाचपैकी दोन तारे देतो आणि ते दोन्ही इंग्रजी वाहिनीचे आहेत, कारण तिने वादविवाद आणि सभा विनाकात्री दाखवल्या. ज्यांना इंग्रजी ऐकून समजते, त्यांनी पॅक घेऊ नये. केबलवाल्याला सांगून तेवढी एक वाहिनी सुटी लावून घ्यावी. तो आधी “सुटं नाही होत, काकाजी” म्हणेल. ट्रायचा नियम सांगितला की होते. मराठीतून बातम्या हव्या असतील तर आकाशवाणी नागपूरचे बातमीपत्र फुकट आहे. सरकारच्या अडचणीची बातमी तिथे ऐकायला मिळेल ही आशा ठेवू नये, पण वाणिज्य खात्याची अधिसूचना निघाली की ती तिथे त्याच दिवशी कळते आणि सहा चौकोनांतून शोधावी लागत नाही. मी दिवाळीनंतर पॅक काढून टाकला. घरी नातवाने हिंदी वाहिनी ठेवा म्हणून हट्ट केला, ती तेवढी ठेवली आहे. त्याला भांडणे पाहायला आवडतात आणि त्या कामासाठी ती उत्तम आहे.