ग्वांगझौ की यिवू: चीनमधून पहिल्यांदा माल आणणाऱ्यांसाठी

चीनमधून माल आणू पाहणाऱ्या आपल्याकडच्या लहान व्यापाऱ्यापुढे पहिल्या खेपेला बहुधा दोन ठिकाणे असतात: ग्वांगझौ (जुने नाव कॅन्टन) येथील कॅन्टन फेअर हे व्यापारी प्रदर्शन आणि झेजियांग प्रांतातील यिवूचा घाऊक बाजार. भावांची तुलना सगळेच करतात. मात्र या दोन ठिकाणची व्यवहाराची रीत इतकी वेगळी आहे की एकीकडचे वागणे दुसरीकडे नेल्यास सौदा बिघडतो. म्हणून निवड करताना आधी ही रीत पाहावी, असे माझे मत आहे.

यिवूचा बाजार चिनी नववर्षाची सुट्टी सोडल्यास जवळजवळ वर्षभर उघडा असतो आणि त्यात सुमारे ७५ हजार गाळे आहेत. येथे शिष्टाचार थोडक्यात आटोपतो. गाळेवाला गणकयंत्रावर भाव दाखवतो, किमान किती खोकी घ्यावी लागतील ते सांगतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो; त्यात उद्धटपणा नसतो. न विचारता नमुन्याचे छायाचित्र काढणे मात्र त्याला खटकते. खरा संबंध जुळतो तो सोबत फिरणाऱ्या एजंटशी, कारण वेगवेगळ्या गाळ्यांवरचा माल गोदामात एकत्र करून, तपासून, एकाच कंटेनरमध्ये भरण्याचे काम तोच करतो. गाळा निवडण्यापेक्षा एजंट निवडण्यास अधिक वेळ द्यावा.

१९५७ पासून भरणारे कॅन्टन फेअर वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तीन टप्प्यांत चालते. यंत्रे व इलेक्ट्रॉनिक वस्तू पहिल्या टप्प्यात, घरगुती वस्तू दुसऱ्यात आणि कापड तिसऱ्यात असते. आपला टप्पा न पाहता तिकीट काढू नये. येथे व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे, घेतलेले कार्ड वाचल्याशिवाय खिशात टाकू नये, आणि समोर अनेक जण असतील तर आधी ज्येष्ठाला अभिवादन करावे. स्टॉलवर बोलणाऱ्या तरुण विक्रेत्याकडे निर्णयाचा अधिकार बहुधा नसतो, त्यामुळे त्याच्याशी भावावरून हुज्जत घालण्यापेक्षा कारखाना पाहण्याची वेळ मागून घेणे शहाणपणाचे ठरते. फोशान, डोंगग्वान, झोंगशान ही कारखान्यांची शहरे ग्वांगझौपासून फार दूर नाहीत.

कारखान्यात आधी चहा येतो. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानण्याची कॅन्टनकडची पद्धत आहे, आणि पाहुण्याने ती पाळली की यजमान सुखावतो. मालातील दोष मालकाला त्याच्या हाताखालच्या माणसांसमोर सुनावू नये. चारचौघांत मान राखणे तिथे फार मोलाचे मानतात, आणि तेच बोलणे एकांतात केले तर भरपाईसुद्धा मिळू शकते. 'विचार करून सांगतो' हे उत्तर बहुतेक वेळा नकारच असते. रात्रीच्या जेवणात यजमान दाखवील त्या जागी बसावे आणि ज्येष्ठाशी पेला भिडवताना आपला पेला थोडा खाली धरावा. मद्य घेत नसल्यास ते सुरुवातीलाच सांगून चहाने साथ द्यावी. शाकाहारी माणसाने आधीच कळवावे, आणि मासळी व मांसाचा रस्साही चालत नाही हे स्पष्ट करावे. हे सारे वेळखाऊ आहे. तरीही एकच वस्तू आपल्या आराखड्यानुसार वर्षानुवर्षे बनवून घ्यायची असेल, तर मी ग्वांगझौच सुचवीन. अनेक प्रकारचा थोडाथोडा माल आणून बाजार आजमावायचा असेल, तर यिवू पुरेसे आहे.

खेळण्यांचा विचार असेल, तर १ जानेवारी २०२१ पासून भारतात त्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणन अनिवार्य आहे हे लक्षात घेऊन मगच पाऊल टाकावे.

कुठेही गेलात तरी करार चिनी भाषेतही करून घ्यावा आणि त्यावर कंपनीचा लाल गोल शिक्का आहे का ते पाहावे, कारण तिथे नुसत्या सहीपेक्षा शिक्क्याला अधिक वजन असते. रिवाजाप्रमाणे ३० टक्के रक्कम आगाऊ द्यावी लागते. उरलेली ७० टक्के माल तपासल्यावर, आणि कोणाच्या खासगी खात्यावर नव्हे तर कंपनीच्याच खात्यावर भरावी. तिथले जवळजवळ सगळे बोलणे वीचॅट या चिनी संदेश ॲपवर चालते आणि ते ॲप जून २०२० पासून भारतात बंद आहे. तेव्हा परतण्यापूर्वीच नियमित ईमेल पाहणारी व्यक्ती कोण, हे त्या कंपनीकडून नावानिशी ठरवून घ्यावे.