लेबलवर ‘१०० टक्के कॉटन’ होतं

“ताई, तू दिलेली चकती कढईला चिकटली गं.”

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा ती काय म्हणतेय ते मला आधी कळलंच नाही. गरम भांड्याखाली ठेवायची सुती दोऱ्याची चकती फार तर करपेल, तिच्यावर तपकिरी डाग पडेल. चिकटेल कशी? मग तिने फोटो पाठवला. बिडाच्या कढईच्या बुडाला पिवळा-काळा थर बसला होता आणि त्या थरात माझे टाके दिसत होते. मुक्या खांबांच्या, म्हणजे क्रोशेच्या साध्या आखूड टाक्यांच्या ओळी, मधल्या कड्यापासून बाहेर गेलेली वर्तुळं, सगळं ठसा उमटावा तसं स्पष्ट.

कढई उचलली तर चकतीही वर आली, म्हणून तिने ती बोटांनी ओढून काढायला घेतली होती. वितळलेला धागा तिच्या अंगठ्याला आणि बाजूच्या बोटाला चिकटला. उकळतं पाणी सांडलं तर ओघळून तरी जातं. हे त्वचेवर चिकटून बसतं आणि आत भाजत राहतं. तिने बोटं २० मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरली, चिकटलेलं ओढलं नाही आणि तशीच डॉक्टरांकडे गेली. तेवढं तिला सुचलं म्हणून निभावलं. फोड जायला बरेच दिवस लागले.

ती चकती मी तिच्या नव्या घरासाठी विणली होती, सहांच्या संचातली एक. हाताने केलेली वस्तू आपण माया म्हणून देतो आणि त्याच वस्तूने तिचा हात भाजला. हे मी अजून विसरू शकत नाही. म्हणूनच सगळं सविस्तर लिहितेय. क्रोशे करणाऱ्या, भेटवस्तू देणाऱ्या प्रत्येकीने हे वाचावं असं मनापासून वाटतं.

दोरा मी ऑनलाइन घेतला होता. विक्रेत्याच्या पानावर ठळक अक्षरांत ‘१०० टक्के कॉटन’, खाली सुंदर विणलेल्या वस्तूंचे फोटो आणि भरपूर कौतुक. रंग तर इतके गोड की आधी एक गोळा मागवून बघावा असं मनातही आलं नाही. एकदम चोवीस गोळे मागवले. ‘थेट पैसे पाठवलेत तर सूट देते,’ असा निरोप आला, म्हणून ॲपमधून न घेता थेट पैसे पाठवले. पुढे तक्रार करायची वेळ आली तेव्हा ॲपवाले म्हणाले, आमच्याकडे या व्यवहाराची नोंदच नाही.

आता मागे वळून पाहिलं की कळतं, दोरा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. मी ऐकलं नाही.

माझी चकती दोन पदरी असते, १८ सेंटिमीटर व्यासाची. कड्यात ६ मुके खांब आणि मग प्रत्येक फेरीत ६ वाढवायचे. ३.५ मिलिमीटरची सुई. नेहमीच्या सुती दोऱ्याच्या १०० ग्रॅमच्या गोळ्यात दोन चकत्या होऊन थोडासा दोरा उरतो. या दोऱ्यात मात्र तिसरीही जवळजवळ पूर्ण झाली. मी खूश झाले, किती पुरतोय म्हणून! खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. कापूस जड असतो. त्याची घनता घनसेंटिमीटरला साधारण १.५४ ग्रॅम, अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याची साधारण १.१७. म्हणजे जाडी तीच असेल तर तेवढ्याच वजनात अ‍ॅक्रिलिक बरंच लांब भरतं. त्या जाडीच्या सुती दोऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २०० मीटर धागा निघतो. विक्रेत्याच्या फोटोतल्या लेबलवर २७० मीटर छापलेले होते. आकडा समोर होता, पण मी फक्त रंगाचा नंबर वाचला.

आणखीही खुणा होत्या. सुईवरून सरकताना दोरा बारीक चिरचिरायचा. विणलेला तुकडा दाबून सोडला की उसळून वर यायचा. सुती तुकडा असा उसळत नाही, दाबला तसा निमूट पडून राहतो. सगळ्यात मोठी खूण म्हणजे हात. मी इतकी वर्षं विणतेय, माझ्या बोटांना हे वेगळं लागत होतं. पण लेबलवर लिहिलंय म्हटल्यावर मी बोटांचं ऐकलं नाही.

चमक बघून मात्र निवाडा करू नका. मर्सराइज्ड कॉटन, म्हणजे चमक यावी म्हणून प्रक्रिया केलेला सुती दोरा, अस्सल सुती असूनही छान चमकतो. पाण्याचा थेंब टाकून बघण्याची युक्तीही बऱ्याच जणी सांगतात. कापूस पाणी पितो हे खरं, पण नव्या दोऱ्यावर प्रक्रियेचा थर असेल तर सुती दोऱ्यावरही थेंब तसाच उभा राहू शकतो.

भरवशाची परीक्षा जाळून बघण्याची. फोन आल्यावर मी ती केली, खरं तर पहिला टाका घालण्याआधी करायला हवी होती. बोटभर लांबीचा दोरा कापायचा, लोखंडी चिमट्यात धरायचा, खाली चिनी मातीची बशी, शेजारी पाण्याचं भांडं. केस बांधलेले, ओढणी-पदर खोचलेला, खिडकी उघडी. दोऱ्याचं टोक ज्योतीजवळ हळूहळू न्यायचं आणि बघत राहायचं. कापूस आक्रसत नाही, सरळ पेट घेतो. जळलेल्या कागदासारखा वास येतो, ज्योत विझल्यावरही टोकाला निखारा धुमसत राहतो आणि राख मऊ, करडी, बोटाने उडणारी. माझा जुना सुती दोरा अगदी तसाच जळला. नवा दोरा ज्योतीला लागायच्या आधीच मागे सरकला, आक्रसला, मग काळा धूर काढत थेंब-थेंब टपकला. बशीत गार झालेला मणी नखाने फुटेना. त्याचा धूर जवळ जाऊन हुंगू नका, तो अंगाला चांगला नाही.

मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र दिसतात, थोडा कागदाचा वास आणि राखेत बारीक कडक गोळ्या. ‘मिल्क कॉटन’ नावाने येणाऱ्या दोऱ्यात बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक असतं, तेव्हा नावातल्या ‘कॉटन’वर जाऊ नका. बांबू किंवा व्हिस्कोसचा धागा मात्र कापसासारखाच जळतो, कारण मूळ द्रव्य एकच. तो फरक या परीक्षेत कळत नाही. पण गरम भांड्यासाठी आपल्याला एवढंच बघायचंय की दोरा वितळतो की नाही.

लोकरीचंही तसंच. आपण दुकानातल्या विणायच्या कुठल्याही धाग्याला सरसकट लोकर म्हणतो, मेंढीच्या अंगावरून आलेल्यालाही आणि पेट्रोलियमपासून बनलेल्या अ‍ॅक्रिलिकलाही. या सवयीचा फायदा विकणारा घेतो. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझते आणि उरलेला काळा गोळा चिमटीत चुरगळतो. बाळाच्या दुपट्यासाठी ‘मेरिनो’ (मेंढीची मऊ लोकर) म्हणून महाग घेतलेला दोरा एकदा जाळून बघा.

विक्रेत्याशी झालेलं बोलणं सांगते, कारण ही भाषा ओळखता यायला हवी. मी फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, “मॅडम, कॉटनच आहे, तुमची आच जास्त झाली असेल.” मी जाळल्याचा व्हिडिओ पाठवला. मग, “मऊपणा यावा म्हणून थोडं मिक्स असतं, सगळेच करतात.” मी विचारलं, थोडं म्हणजे किती? त्यावर, “कॉटन म्हणजे कॉटन फील, तसंच लिहिलंय.” मी पान उघडून पाहिलं तर खरंच तिथे आता ‘कॉटन फील’ होतं. रातोरात बदललं होतं. मी आधीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढला नव्हता. गोळ्यांवरच्या कागदी पट्ट्या विणायला बसताना काढून टाकल्या होत्या, एकही जपली नव्हती. दुसऱ्या दिवशी मला ब्लॉक केलं.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण सगळ्यात जड गेलं ते पुढचं. त्याच दोऱ्याच्या चकत्या आणि भांडी उतरवायचे चौकोन मी आणखी सात घरांत दिले होते. कोणाला वाढदिवसाला, कोणाला सहजच. एकेकीला फोन करून सांगावं लागलं, “मी दिलेलं ते वापरू नकोस, परत दे.” भेट परत मागताना जीभ अडखळते. एक वयस्कर काकू म्हणाल्या, “अगं राहू दे, मी शोभेला ठेवलंय.” मी तरी जाऊन घेऊन आले. शोभेची वस्तू कधी घाईत गरम भांड्याखाली जाईल, सांगता येत नाही.

अ‍ॅक्रिलिक वाईट नाही, हेही सांगते. पांघरूण, उशीचे अभ्रे, पिशव्या, टोप्या यांना ते उत्तम. हलकं असतं, धुतल्यावर आटत नाही, रंग टिकतो. उरलेल्या गोळ्यांचं मी पांघरूण विणतेय. फक्त ते विस्तवाजवळ जाता कामा नये आणि अ‍ॅक्रिलिक म्हणूनच विकलं गेलं पाहिजे.

आता मी नवीन ठिकाणाहून घेताना आधी एकच गोळा मागवते. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा विणते, वजन करते, टोक जाळून बघते आणि मगच बाकीचं. मागवण्याआधी लेखी विचारते, “गरम भांडं धरायला वापरायचंय, यात सिंथेटिक अजिबात नाही ना?” उत्तर जपून ठेवते. बरेच जण या प्रश्नावर गप्प होतात. पैसे ॲपमधूनच देते. प्रत्येक रंगाची एक पट्टी लॉट नंबरसकट वहीत चिकटवते, शेजारी त्याच गोळ्याचा वीतभर दोरा. भेट देताना सोबत चिठ्ठी असते, दोरा कशाचा आहे आणि गरम भांड्याला चालेल की नाही.

सातपैकी सहा घरांतून सगळं परत आलं. सातवी मैत्रीण गाव बदलून गेली आहे आणि तिचा जुना नंबर लागत नाही. तिच्याकडे दोन चकत्या आहेत. पिवळ्या, कडेला पांढरी साखळी, एका बाजूला टांगायला छोटी कडी. ओळखीतल्या सगळ्यांना मी फोटो पाठवलाय आणि रोज एकदा तो जुना नंबर लावून बघते.