जुन्या एसयूव्हीसाठी हवेचा पंप: लायटरवरचा नको, बॅटरीवरचा घ्या

बाजारात १२ व्होल्टचे हवेचे पंप दोन तऱ्हेचे मिळतात. एक सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा एका सिलिंडरचा, दुसरा चिमट्यांनी थेट बॅटरीला लावायचा दोन सिलिंडरचा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत विचारलंत तर पहिला आधी पुढे येतो, कारण तो स्वस्त आणि लहान. हॅचबॅकला तो पुरतो. दहा-बारा वर्षं झालेल्या बोलेरोला किंवा स्कॉर्पिओला मात्र दुसराच हवा.

कारण टायरच्या पोटात आहे. बोलेरोच्या २१५/७५ आर१५ टायरमध्ये ढोबळमानाने ५० लिटर जागा असते. पूर्ण बसलेला टायर ३२ पीएसआयपर्यंत न्यायचा तर बाहेरची जवळपास ११० लिटर हवा आत कोंबावी लागते. खोक्यावर ‘मिनिटाला ३५ लिटर’ छापलेलं असलं, तरी तो आकडा नळी मोकळी असतानाचा. हिशोबाने तीन मिनिटांहून थोडी जास्त होतात, पण आतला दाब चढेल तशी पंपाची ताकद पडते आणि वेळ दुपटीच्याही पुढे जातो. तोवर छोटी मोटर भाजून निघते.

दुसरं कारण वायरिंग. लायटरच्या सॉकेटला साधारण १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १५ च्या फ्यूजवर १८० वॉटच्या पुढे मागणी गेली की तो उडणार. जुन्या गाडीत सॉकेटच्या पत्र्या सैल झालेल्या, त्यांवर मुंबईच्या दमट हवेची हिरवट पुटं. तिथेच व्होल्टेज गळतं, प्लग तापतो, पंप मंद चालतो. दोन सिलिंडरचा पंप २५-३० अँपिअर सहज ओढतो, म्हणून त्याला चिमटेच लागतात.

लावायची रीत अशी: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, इंजिन चालू. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा इंजिनच्या उघड्या लोखंडावर. वायर पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब काढून घ्या. घाईत नेमकं हेच राहून जातं. इंजिन बंद ठेवून चार टायर भरले तर थकलेली बॅटरी नंतर डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरवायला नकार देऊ शकते.

आता या पंपाच्या खोडी. नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का, हे दुकानातच मोजा. बॅटरी पुढे असते आणि गाडी लांब. पंपावरच्या काट्यावर विसंबू नका, दाब मोजायचं वेगळं मीटर ठेवा. पितळेची आटे असलेली तोटी काढताना थोडी हवा सुटतेच, तेव्हा १-२ पीएसआय जास्त भरा आणि मग मीटरने जुळवा. भरल्यावर ती तोटी चटका देते, फडकं हाताशी हवं. सलग किती मिनिटं चालवायचा हे पुस्तिकेत दिलेलं असतं. ते पाळा, नाहीतर पिस्टनची सील जाते.

सोबत येणारं पंक्चर किट बहुधा कुचकामी असतं. एसयूव्हीच्या टायरमधल्या पोलादी तारांपुढे प्लास्टिकची मूठ मोडते. धातूच्या ‘टी’ मुठीचं वेगळं घ्या. खिळा ज्या कोनात घुसला तो बघूनच पकडीने ओढा, त्याच कोनात कानशीची सळई आठ-दहा वेळा आतबाहेर करा, किटमधल्या सुईत ओवलेल्या रबरी पट्टीला सोल्यूशन लावून ती आत दाबा, दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर ठेवून सुई झटक्यात ओढा. मग हवा भरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर दुसरी पट्टी. हे फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागासाठी. टायरच्या बाजूला चीर असेल तर स्टेपनीच. आणि पट्टी लावलेला टायर नंतर दुकानात आतून तपासून घ्यावा.

सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते, पट्ट्याही कडक होतात. पावसाळ्याआधी दोन्ही बदला. व्हॉल्व्हची पिन घट्ट करायची टोपी आणि पंपाच्या वायरीतला जादा फ्यूजही डब्यात ठेवा.

एक कळकळीची गोष्ट. अटल सेतूवर किंवा द्रुतगती मार्गावर पंप आहे म्हणून चाकाशी बसू नका. शक्य असेल तर हळूहळू बाहेरच्या फाट्यापर्यंत किंवा टोलनाक्यापर्यंत जा, रिम खराब झाली तरी चालेल. नाहीच जमलं तर चारही इंडिकेटर लावून सगळ्यांना रहदारीपासून दूर उभं करा (पुलावर नसाल तर कठड्याच्या पलीकडे) आणि मदत मागवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा.