छतावरचं सोलर, विजापूर रोडवरचं दुकान आणि पुरवणी मागण्या

दुकानाला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. चारपैकी दोन मात्र निव्वळ एका कागदासाठी दिलेत.

तो कागद म्हणजे कोटेशन. जुळे सोलापुरात सध्या गल्लोगल्ली सोलर बसायलंय आणि जो तो दुकानदार फलकावर सबसिडी वजा केलेली किंमत छापतो. तीन किलोवॅटचं काम पावणेदोन ते दोन लाखांचं. त्यातले 78,000 आधीच उडवायचे आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'अटी लागू'. विजापूर रोडच्या या दुकानात काउंटरवरच्या पोरानं मला अख्खी रक्कम लिहून दिली, 1,92,000. सबसिडी खाली वेगळ्या ओळीत, आणि पुढे त्याच्या हातचं: 'केंद्राकडून, ग्राहकाच्या खात्यात, नेट मीटर लागल्यावर' (नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर). मी मुद्दाम खडा टाकला, राज्याचं काही मिळतंय का?

"काकू, ते तुम्हाला बसत नाही. आन् ज्यांना बसतंय त्यांनीबी हिशेबात धरू नये. आलं तर आलं."

जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत नोकरी केलेल्या बाईला यापेक्षा गोड काय ऐकायला मिळणार! मंजूर होणं वेगळं, तरतूद होणं वेगळं, निधी बीडीएसवर (सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) दिसणं वेगळं आणि पैसा हातात पडणं वेगळं, हे आमच्या खात्यातल्या नव्या लिपिकालाही पहिला मार्च काढल्याशिवाय उमजत नाही. या पोराला उमजलंय.

आता थोडं आकड्यांचं, कारण दुकानात तुम्हाला हेच गोल गोल सांगतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेला केंद्रानं 2024च्या फेब्रुवारीत मंजुरी दिली, एक कोटी घरांसाठी 75,021 कोटी. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, झाले 78,000. तीनच्या वर कितीही बसवा, आकडा तोच. हा पैसा दिल्लीचा. राज्याची स्वतःची योजना 2025मध्ये आली, पण ती महिन्याला 100 युनिटच्या आत वापरणाऱ्यांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी. तिची तरतूद 655 कोटी, तीही दोन वर्षांत विभागून. एक किलोवॅटला केंद्राचे 30,000 आणि वर राज्याचे: दारिद्र्यरेषेखाली 17,500, सर्वसाधारण गटाला 10,000. माझं उन्हाळ्यातलं बिल बघता कूलरनंच मला या योजनेतून बाहेर काढलंय.

आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी मात्र त्यात बसतात. विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात राहतात, वापर पन्नास-साठ युनिटचा. त्यांना घेऊन मी त्याच दुकानात गेले. पोरानं मोबाइलवर घराचा फोटो बघितला आणि सरळ सांगितलं की या पत्र्यावर पॅनेल घालणार नाही, वादळी पावसात पत्र्यासकट उडून जाईल; आधी लोखंडी सांगाडा करावा लागेल आणि त्याचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. बुकिंगचे दोन हजार घेऊन तो मोकळा झाला असता. घेतले नाहीत. मावशींनी विचारलं, राज्याचे पैसे किती दिवस राहतील? त्यावर तो माझ्याकडं बघायला लागला.

मी मावशींना म्हटलं, तरतूद टिकेल तोवर. ती कशी टिकते आणि कशी हलते ते इथं लिहिते, कारण सोलर घेणाऱ्या प्रत्येकाला ते लागेल. अधिवेशनात पुरवणी मागण्यांवरची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार जो जादा खर्च मागतं त्यावरची, चर्चा मी अजूनही मोबाइलवर लावून बसते. घरचे हसतात. पण राज्याची ऊर्जेवरची उधळण म्हणा, काटकसर म्हणा, मार्चमधल्या अर्थसंकल्पाच्या भाषणापेक्षा तिथंच जास्त कळते. 28 जून 2024ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी त्या निवडणुकीच्या वर्षातला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज त्यातच जाहीर झाली. 44 लाखांवर शेतकरी, वर्षाचा बोजा 14,760 कोटी. त्यातले 6,985 आधीपासूनच्या सवलतीचे आणि 7,775 नव्याने. पुढं दोन आठवडेही झाले नाहीत तोवर 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात. डिसेंबरात नागपूरला आणखी 35,788 कोटी.

विरोधी बाकांवरून दरवेळी तोच सवाल येतो, आणि तो रास्त आहे: शाई वाळायच्या आत इतकं वाढवायचं होतं तर मूळ अर्थसंकल्प कशाला मांडलात? सत्ताधाऱ्यांचं उत्तरही अगदीच पोकळ नसतं. पाऊस लांबला की पंप जास्त चालतात आणि सवलतीचं बिल फुगतं. केंद्राची योजना वर्षाच्या मध्येच येते आणि राज्याचा हिस्सा लगेच मागते. मार्चमध्ये हे कोण सांगणार? म्हणून हात मोकळा हवा. बाके बदलली की दोन्ही भाषणंही बाके बदलतात, तो भाग सोडा.

यात बोलणारे बरेच जण एक गोष्ट विसरतात. हात आजही बराच मोकळा आहे, फक्त काही ठिकाणी भिंती आहेत. संविधानाच्या 203व्या अनुच्छेदाप्रमाणे विधानसभा मागणी (खात्याच्या खर्चासाठी मागितलेली रक्कम) मान्य करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. वाढवू शकत नाही. विधान परिषदेत चर्चा होते, मागण्यांवर मतदान नाही. मंजुरी मिळाल्यावर एकाच मागणीच्या आत एका लेखाशीर्षावरची (खर्चाच्या ठरावीक खात्यावरची) बचत दुसऱ्यावर टाकता येते. ते पुनर्विनियोजन. पण महसुली (सवलती, पगार अशा चालू) खर्चाचा पैसा भांडवली (टिकाऊ मालमत्ता उभारण्याच्या) खर्चाकडं वळवता येत नाही, भांडवलीचा महसुलीकडंही नाही. दत्तमत (ज्यावर मतदान होतं तो खर्च) आणि भारित (ज्यावर होत नाही तो) यांचीही अदलाबदल नाही. एका मागणीतून दुसरीत तर अजिबात नाही. म्हणजे वीजवाहिन्यांसाठी ठेवलेलं भागभांडवल (लेखाशीर्ष 4801) पडून राहिलं आणि पंपांच्या सवलतीला (ती 2801खाली) पैसा कमी पडला, तर तो इकडून तिकडं ओतता येत नाही. पुन्हा सभागृहात यावंच लागतं. खर्चाची बाबच नवी असेल आणि मागणीत बचत पडून असेल, तरी सभागृहाची मान्यता लागते. मग हजार रुपयांची नाममात्र मागणी लावतात. हजार रुपये वाचून नव्या आमदाराला हसू येतं. त्या हजारामागं कधी कधी कोट्यवधींचं काम उभं असतं.

या भिंती पाडा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. महसुली-भांडवलीची भिंत गेली तर वाहिन्या, उपकेंद्रं कायम मागंच राहतील, कारण सवलत मिळणाऱ्याला मत असतं आणि उपकेंद्राला नसतं. मोकळीक द्यायची तर ती वेळेच्या बाबतीत द्या. 31 मार्चला न खर्चलेला निधी समर्पित करायचा, म्हणजे परत करायचा, नाही तर तो व्यपगत होतो, म्हणजे आपोआप रद्द होतो. अर्धवट राहिलेल्या सौर कामाला मग पुन्हा नवी तरतूद, नवी मंजुरी. मार्चअखेरची ती धावपळ मी आतून पाहिली आहे. रात्री अकराला देयकं घेऊन कोषागाराच्या पायऱ्या चढणारी माणसं आणि त्या घाईत कुणी नीट न बघता पास झालेली बिलं. चालू कामाचा पैसा पुढच्या वर्षात नेऊ द्या, कुठल्या तालुक्यात आधी काम करायचं तेही खात्याला ठरवू द्या. महालेखापरीक्षकांचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की मूळ तरतूदच खर्च होत नाही आणि वर पुरवणी घेतली जाते. त्यावर खरा इलाज हाच आहे.

कुणाच्या नावचा पैसा आहे यात मात्र मोकळीक नको. मावशींच्या योजनेचे काहीशे कोटी आणि पंपांचे चौदा हजार कोटी एकाच मागणीखाली बसले, तर टंचाईच्या वर्षी मोठ्या ताटात वाढायला आधी लहान वाटीच उचलली जाईल. तेही सभागृहाला न विचारता, एका आदेशावर. ग्राहकाला थेट मिळणाऱ्या सबसिडीतून पैसा काढायचा असेल तर तो सभागृहासमोर नाव घेऊनच काढा. एवढं कुणी आमदारानं कपात सूचनेत (मागणीची रक्कम कमी करा असं सुचवणाऱ्या प्रस्तावात) मांडलं तर मी चर्चा शेवटपर्यंत बघेन. नाही तर शेवटच्या दिवशी वेळ संपते आणि उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात.

तर दुकान.

काम दोन पोरांनी केलं. सांगाडा उंच मागितला होता, खालून वाकून जायला नको आणि उन्हाळ्यात कुरडया वाळत घालता याव्यात म्हणून. तसा दिला, जादा पैसे आधी सांगून. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी कुठपर्यंत येते ते पोरानं खडूनं आखून बघितलं आणि दोन पॅनेल त्याप्रमाणे सरकवली. सबसिडीला देशी बनावटीचेच सेल लागतात, म्हणून प्रत्येक पॅनेलमागचा अनुक्रमांक माझ्यासमोर वाचून फोटो काढला. अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे: एसी, डीसी आणि पावसाळ्यात पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. शेजारी दुसऱ्याच दुकानानं बसवलंय, तिथं दोन वायरी एकाच खड्ड्यात गेल्या आहेत. तुमच्याकडं खड्डे मोजून घ्या.

आणखी एक खरी गोष्ट त्यानं विकण्याआधीच सांगितली: मे महिन्यात जास्त वीज मिळेल असं समजू नका. पॅनेलची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते. वर जाणाऱ्या प्रत्येक अंशाला तिसरा हिस्सा टक्क्याच्या आसपास घट. सोलापूरचा पारा त्रेचाळीसला गेला की काचेखालचा सेल साठ-पासष्टला जातो. तसंच झालं. इनव्हर्टरवरचा आकडा मार्चमधल्या दुपारी जिथं पोचायचा तिथं मेमध्ये एकदाही गेला नाही. वर धूळ. धुवायला बोअरचं पाणी वापरू नका म्हणतात, पांढरे डाग धरतात. आणि नळाचं पाणी आपल्याकडं किती दिवसांआड येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. मी सकाळी लवकर, काच गार असताना, अर्ध्या बादलीत फडकं भिजवून पुसते.

'शून्य बिल' या जाहिरातीवर जाऊ नका. युनिट शून्य झाली तरी स्थिर आकार येतोच. जी युनिट महावितरणकडून घेतली त्यांच्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा) आणि एकूण आकारावर 16 टक्के वीज शुल्क. ते शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं. जादा युनिट पुढच्या महिन्यात वळती होतात आणि आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्यांचा हिशेब होतो; तो दर आपण भरतो त्यापेक्षा कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा प्लांट बसवून श्रीमंत व्हायची स्वप्नं नकोत.

पूर्व भागात टॉवेलचे माग असलेले ओळखीचे एकजण विचारत होते, कारखान्यावर हेच बसवू का. त्यांचं गणित वेगळं. यंत्रमागाला वीजदरात सवलत आहे, 27 अश्वशक्तीच्या आत असाल तर 2024पासून युनिटला जादा एक रुपया, त्याच्या वर पण 201च्या आत असाल तर 75 पैसे. ती वस्त्रोद्योग विभागाच्या तरतुदीतून येते, ऊर्जेच्या नाही. सवलतीचं नोंदणीपत्र हातात ठेवून मगच सोलरचा हिशेब मांडा, एवढंच मी सांगितलं.

आता कापलेला तारा. कंड्यूट (वायरीची नळी) बसवताना पोरांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तीन भोकं जास्तीची पाडली आणि वर पांढरं सिमेंट थापून निघून गेले. पहिल्या पावसात जिन्यात ओल आली. फोन केला की "उद्या येतो काकू". तो उद्या जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत लांबला आणि तेव्हा सगळी पोरं सुट्टीवर. शेवटी मीच गवंडी बोलावला. घरचं वायफाय बदलल्यावर मोबाइलमधलं ॲप शून्य दाखवत होतं, तेही शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलानं जोडून दिलं. विकताना इतकं काटेकोर आणि विकून झाल्यावर इतकं सैल, याचा राग आहेच. पाच वर्षांच्या देखभालीचा करार छापील घ्या आणि त्यात 'तक्रारीनंतर किती दिवसांत' हा रकाना कोरा असेल तर सही करण्याआधी भरून घ्या.

गेलात तर दुपारी तीननंतर जा, सकाळी पोरं साइटवर असतात. मालक भाव सोडत नाहीत, त्यांच्याशी घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. काउंटरवरच्या त्या पोराशी बोला. मला त्यानं त्याच पैशात केबल चार चौरस मिलिमीटरऐवजी सहाची घातली.