१००० लिटरची तयार प्लास्टिक सेप्टिक टाकी: १६ महिने, दोन पावसाळे (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

टाकीला नावं ठेवायला जागा नाही. गळती नाही, वास नाही, झाकण अजून घट्ट बसतं. रडगाणं आहे ते तिच्या पुढच्या शोषखड्ड्याचं (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा), आणि टाकी विकणारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

जांभ्यातला खड्डा उन्हाळ्यात घटाघटा पाणी पितो. जुलैत त्याच खड्ड्यात खालून पाणी चढतं. मग कमोडमध्ये गुडगुड, पाणी उतरता उतरत नाही, आणि ‘टाकी भरली’ म्हणून सक्शनची गाडी बोलावली जाते. अहो, टाकी कायम भरलेलीच असते! आधी टाकीनंतरच्या चेंबरचं झाकण उचला. पाणी पाइपाच्या तोंडावर उभं असेल तर दोष शोषखड्ड्याचा. चेंबर रिकामं आणि तरी संडास तुंबतोय, तर टाकीतल्या ‘टी’मध्ये (T आकाराच्या जोडात) किंवा अलीकडच्या पाइपात काहीतरी अडकलंय. भर पावसात उपसा केला तर खड्ड्यातलं पाणी उलटं येऊन टाकी लगेच भरते. नाहीतर रिकामी टाकी होडीसारखी वर उचलते आणि पाइपाचे जोड निखळतात. उपसा मार्च-एप्रिलात करावा आणि लगेच पाणी भरावं.

नव्याने करणाऱ्याने खोल खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर घ्यावा: खडी, त्यात छिद्रांचा पाइप, वर माती. टाकी थोडी उंच बसवली तरच हे जमतं. विहिरीपासून किमान १८ मीटर. जांभ्याच्या भेगांतून पाणी लांब पळतं, म्हणून जास्तच धरा.

बसवताना बुडाला १० सेंमी काँक्रीट, भोवती चाळलेला मुरूम ३० सेंमीच्या थरांनी. बाहेर जितका थर, तितकंच पाणी आत. गवंड्याला याचा कंटाळा; मग बाजू आत दबते. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात उकरलेली माती परत भोवती लोटू नका, ती फुगते.

न्हाणीचं पाणी टाकीत नको. पाच माणसांचं आंघोळ-धुणं मिळून रोज ३००-४०० लिटर सहज होतं. गाळ बुडाला बसायच्या आत वाहून जातो आणि शोषखड्डा बुजतो. न्हाणीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडा.

टाकीत टाकायला विकतात त्या जंतूंच्या पुड्या म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः. गाळ मोजायला लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून बुडापर्यंत घाला, थोड्या वेळाने सावकाश काढा. काळा पट्टा तेवढा गाळ. इथे १६ महिन्यांत वीतभर भरला. एक तृतीयांश उंची झाली की गाडी. माणूस आत उतरवायचा नाही: २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आतला वायू क्षणात जीव घेतो.