परवान्यांच्या नावाखाली गेलेले २६,९९९ रुपये

२०२३ ची दिवाळी सहा दिवसांवर आली होती. चकलीची भाजणी आणि शेंगदाण्याच्या चटणीची पाकिटं घेऊन मी आणि माझ्या जाऊबाई सदाशिव पेठेतल्या एका दुकानात गेलो होतो. दुकानदार काकांनी पाकीट उलटं केलं, मागे छापलेला चौदा आकडी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर मोबाइलमध्ये टाकला आणि मोबाइल माझ्यापुढे केला. नंबर खरा होता, पण नगर जिल्ह्यातल्या एका दूध संकलन केंद्राचा होता.

"ताई, हा माल मला ठेवता येणार नाही. आणि तुम्हीही आता दुसरीकडे कुठे देऊ नका," काका म्हणाले. ते रागावले नाहीत. उलट आम्हाला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. जाऊबाई रडायला लागल्या. मला रडूही येईना.

हे कसं झालं ते मी सगळं लिहिणार आहे, कारण अशाच माणसाच्या हाती अजून कोणी सापडू नये असं मला मनापासून वाटतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही नऱ्ह्याला एक छोटा गाळा भाड्याने घेतला. नातेवाईक "कंपनी काढली" म्हणत होते, पण कागदोपत्री ती माझ्या एकटीच्या नावावरची मालकी होती. कामाला आम्ही दोघी आणि दोन बायका. स्वयंपाकातलं आम्हाला सगळं येत होतं. परवान्यांचं काहीच येत नव्हतं.

बँकेत चालू खातं उघडायला गेले तेव्हा त्यांनी व्यवसायाचा पुरावा मागितला: उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), शॉप अॅक्ट (दुकानाची, आस्थापनेची नोंद), जे असेल ते. घरी येऊन मी मोबाइलवर 'उद्यम नोंदणी' शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. ती जाहिरात होती हे मला तेव्हा कळलंच नाही. वर तिरंग्याची पट्टी, बाजूला राजमुद्रेसारखं चित्र, खाली नाव, आधार, पॅन भरायच्या चौकटी. शेवटी १,९९९ रुपये 'नोंदणी शुल्क'. मी भरले. थोड्या वेळाने एकाचा फोन आला, त्याने ओटीपी विचारला, मी सांगितला. दुसऱ्या दिवशी उद्यमचं प्रमाणपत्र ईमेलवर आलं.

ते प्रमाणपत्र अस्सल होतं, आणि त्यामुळेच आम्ही पुढे फसलो. उद्यमची नोंदणी सरकार १ जुलै २०२० पासून पूर्ण मोफत करून देतं, त्याला एक रुपयाही लागत नाही, हे मला माहीत नव्हतं. माझ्या दृष्टीने त्या माणसाने पैसे घेतले आणि काम करून दिलं. एकदा काम झालं की माणसावर विश्वास बसतो. ते १,९९९ रुपये विश्वास बसवण्यासाठीच घेतले होते.

मग तो दर दोन-तीन दिवसांनी फोन करू लागला. बोलणं अगदी घरातल्यासारखं. "ताई, गणपतीची तयारी झाली का? ताई, शॉप अॅक्टचं काय केलंत?" ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो गाळ्यावरच आला. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात फाइल, त्यात शिक्के मारलेले कागद. कुठल्या खात्याचा हे त्याने स्पष्ट सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "मी मनपाकडूनच येतोय."

त्याने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत थोडं खरं होतं. नऱ्हे पूर्वी ग्रामपंचायतीत होतं आणि २०२१ च्या जूनअखेरीस जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यात ते आलं, हे खरं. त्यावरून तो म्हणाला, "आता ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला चालत नाही. मनपाचा परवाना नसेल तर गाळा सील होतो." मराठी पाट्यांचंही तसंच. सप्टेंबरच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, २५ नोव्हेंबरपर्यंतची, आणि रोज त्याच्या बातम्या येत होत्या. आमची पाटी पहिल्यापासून मराठीतच होती. तरी तो म्हणाला, "पाटी मराठीत असून उपयोग नाही, त्याचा परवाना लागतो." जीएसटीबद्दल म्हणाला, "खाण्याच्या धंद्याला पहिल्या रुपयापासून लागतो."

दिवाळी तोंडावर, गाळ्याचं भाडं चालू, आणि 'सील' हा शब्द. आम्ही घाबरलो. त्याने एका कागदावर हिशेब मांडला: शॉप अॅक्ट ४,५००, अन्न परवाना ९,०००, मनपाचा व्यवसाय आणि पाटी परवाना ६,५००, जीएसटी ५,०००. एकूण २५,०००. "कार्यालयाच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, म्हणून माझ्या नंबरवर यूपीआय करा, पावती प्रमाणपत्रांसोबत देतो." मी दोन हप्त्यांत पाठवले. सोबत आधार, पॅन, वीजबिल, गाळ्याच्या भाडेकराराची प्रत आणि दोघींचे फोटो, सगळं व्हॉट्सअॅपवर दिलं.

दसऱ्याच्या आधी प्रमाणपत्रं आली, लॅमिनेट करून. आम्ही ती देवाजवळ ठेवून हळदकुंकू लावलं. मग अन्न परवान्याचा नंबर घालून बाराशे पाऊच छापून घेतले.

काकांच्या दुकानातून परत आल्यावर त्याला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, "सर्व्हरवर अजून अपडेट झालं नसेल." संध्याकाळी फोन बंद झाला, तो आजपर्यंत बंद आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी एकेक कागद घेऊन चौकशीला निघाले.

अन्न परवान्याचा कागद आमच्या ओळखीच्या एका बेकरीवाल्यांनी बघितला आणि बघताक्षणी चूक दाखवली. तेव्हा, २०२३ मध्ये, वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर फक्त नोंदणी लागायची, तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं आणि ती फॉसकॉस नावाच्या सरकारी संकेतस्थळावर आपली आपल्याला करता येते. नोंदणीचा नंबर २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. आमच्या कागदावर मथळा 'नोंदणी प्रमाणपत्र' असा होता आणि नंबर मात्र १ ने सुरू होत होता. कुणाचा तरी नंबर उचलून आमच्या नावाखाली चिकटवला होता. तोच नंबर मी फॉसकॉसवर किंवा एफएसएसएआयच्या अॅपवर टाकला असता तर पाऊच छापण्याआधीच कळलं असतं.

शॉप अॅक्टवर 'मुदत एक वर्ष, नूतनीकरण ३,५०० रुपये' असं छापलेलं होतं. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा लागू झाल्यापासून, दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना नसतोच. ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची. दरवर्षीचं नूतनीकरण नाही. मी २०२३ मधली गोष्ट सांगते आहे. कामगारांची मर्यादा बदलू शकते, म्हणून अर्ज करताना कामगार विभागाच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघून घ्या. मी नंतर स्वतः 'आपले सरकार' वरून सूचना दिली, खर्च पंचवीस रुपयांच्या आत आला.

महापालिकेचा कागद घेऊन शिवाजीनगरला गेले. पाट्यांचं काम तिथला आकाशचिन्ह व परवाना विभाग बघतो. टेबलावरच्या बाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मराठी पाटी हा नियम आहे हो, तिचा वेगळा परवाना नसतो. हा शिक्का आमचा नाही." मोठ्या फलकाला परवानगी लागते, काही धंद्यांना आणि साठ्यालाही लागते. आपल्याला काय लागतं ते त्या खिडकीवर विचारलं की सांगतात, विचारायचे पैसे लागत नाहीत. मी आधी एक बस पकडून तिथे गेले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

जीएसटीची भीती मला सगळ्यात जास्त होती. नोंदणीला सरकारी शुल्क नाही, आणि फक्त महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे ती लागतही नाही. पण माझं पॅन, आधार, वीजबिल, भाडेकरार सगळं त्याच्याकडे होतं. एवढ्या कागदांवर कुणी माझ्या नावाने नोंदणी काढून खोटी बिलं फाडली तर नोटीस माझ्या दारात येईल. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून त्यावर कुठली नोंदणी आहे ते कुणालाही बघता येतं. मी बघितलं, काही नव्हतं. अजूनही दर महिन्याच्या एक तारखेला बघते.

उद्यमचं अस्सल प्रमाणपत्रही नीट आपलं नव्हतं. त्यावर मोबाइल आणि ईमेल त्याचे होते. पुढे पत्ता बदलायचा, माहिती दुरुस्त करायची, तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाणार. शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रात दोन चकरा मारल्या, तक्रार अर्ज दिला, तेव्हा कुठे ते सुटलं. कुणाकडूनही, अगदी ओळखीच्या सीएकडून काम करून घेतलंत तरी मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच घाला. ज्याचा मोबाइल, त्याच्या ताब्यात नोंदणी.

आणि पंचवीस हजार घेणाऱ्या त्या माणसाने जे खरोखर भरायचं होतं ते सांगितलंच नाही. स्वतः माल पाकिटात भरून विकणाऱ्याला वैध मापन शास्त्र (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडे नोंदणी करावी लागते, शुल्क ५०० रुपये. वजनकाट्याची पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये भरावा लागतो. हे सगळं आम्हाला नंतर एका सीए मॅडमनी तासभर बसवून समजावलं, आणि सरकारी शुल्क किती नि त्यांची फी किती हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहून दिलं. असा कागद जो देत नाही त्याच्याकडे काम देऊ नका.

ज्यांना खरी खाजगी मर्यादित कंपनी काढायची आहे त्यांना एक सांगते. माझ्या भाच्याने काढली तेव्हा पॅन आणि टॅन (करकपातीसाठीचा क्रमांक) कंपनीच्या नोंदणीसोबतच मिळाले. तरी नोंदणी झाल्यावर महिन्याभरात त्याला तीन फोन आले, 'कंपनीचं पॅन काढून देतो' म्हणून. नव्या कंपनीचा पत्ता आणि ईमेल ही मंडळी कुठून तरी मिळवतातच.

पोलिसांत गेले तेव्हा पैसे पाठवून महिना उलटला होता. १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. चौकीतल्या हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, पहिल्या काही तासांत फोन आला असता तर पैसे पुढच्या खात्यात अडवता आले असते." पैसे परत आलेले नाहीत.

ती दिवाळी गेली. बाराशे पाऊच रद्दीत गेले, तयार भाजणी नातेवाइकांत वाटली. नोव्हेंबरअखेर मी स्वतः अर्ज करून पाच वर्षांची नोंदणी ५०० रुपयांत घेतली. नंबर २ ने सुरू होतो. काकांनी तो मोबाइलवर टाकून बघितला, नाव जुळलं, मग पहिली वीस पाकिटं ठेवून घेतली.

हे मी तेव्हाच लिहिलं नाही, कारण घरात लाज वाटत होती. लिहायला बसले ते मागच्या आठवड्यातल्या एका गोष्टीमुळे. आमच्या गाळ्यांच्या ओळीत शेवटी एक वेल्डिंगवाले आहेत. त्यांच्याकडे रॅकचं माप द्यायला गेले, तर भिंतीवर गणपतीच्या शेजारी फ्रेममध्ये 'मनपा व्यवसाय व पाटी परवाना' लावलेला. तोच मथळा, तोच शिक्का. मी घरी जाऊन आमचा कागद घेऊन आले. दोन्हींवर जावक क्रमांक एकच होता, तारीखही एकच, फक्त नाव वेगळं.

"किती दिलेत दादा?" मी विचारलं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अठरा. घरी सांगू नका हं, ताई."

त्यांनी स्टुलावर चढून फ्रेम काढली, फडक्याने पुसली आणि कागद बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दोन्ही कागद घेऊन चौकीत गेलो. माझ्या जुन्या तक्रारीला त्यांचा जबाब जोडला आहे.