बर्लचा टॉप मागवताय? आधी मेण खरवडून दाखवायला सांगा

कस्टम गिटार किंवा बेसच्या टॉपसाठी (बॉडीवर चिकटवायची वरची पातळ शोभेची फळी) ऑनलाइन बर्ल, म्हणजे झाडाच्या गाठीचं नक्षीदार लाकूड, मागवणाऱ्यांनी हे प्लीज पूर्ण वाचा. यात फसवायची जी पद्धत आहे ती इतकी पक्की बसवलेली आहे की माल हातात आल्यावरसुद्धा वरून काहीच कळत नाही, आणि कळेपर्यंत परतीचा रस्ता बंद झालेला असतो.

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो, नोकरी सांभाळून गराजमध्ये बेस आणि गिटार बनवतो, बहुतेक ओळखीतल्या लोकांसाठी. आमच्या मंडळाच्या गणपतीत वाजवणाऱ्या एका मुलाने पाच तारांचा बेस करायला दिला आणि त्याचं एकच म्हणणं होतं, "दादा, बाकी तुम्ही ठरवा, पण टॉप बकआय बर्लचाच पाहिजे, निळसर झाक असलेला."

आता बकआय हे इथलंच, कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवरचं झाड. ऐन उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टमध्येच त्याची पानं करपून जातात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला झाड मेलंय असं वाटतं. त्याच्या बुंध्याशी, बरेचदा जमिनीखाली, आवाळू आल्यासारखी गाठ फुगते, तीच बर्ल. जमिनीत असल्यामुळे आत माती आणि खडे अडकलेले असतात, कापताना करवतीच्या पात्याची वाट लागते. मूळ लाकूड फिकट आणि मऊ, पण बुरशी शिरली की त्यात राखाडी, करडे, निळसर ढग उमटतात, मधे डोळ्यांसारखे ठिपके, सालीचे तुकडे, भोकं. दोन गाठी कधी सारख्या निघत नाहीत. अलेम्बिकसारख्या इथल्या गिटार-बेस बनवणाऱ्या कंपन्यांनी १९७० च्या दशकापासून असली देखणी लाकडं बेसच्या टॉपला वापरली आणि तेव्हापासून लोक त्यासाठी वेडे आहेत. मीही आहे, उगाच नाही म्हणत.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडे (नाव देत नाही) बुकमॅच सेट दिसला. बुकमॅच म्हणजे एकाच ठोकळ्यातून एकापाठोपाठ काढलेल्या दोन फळ्या, पुस्तकासारख्या उघडल्या की नक्षी आरशात दिसावी तशी जुळते. वर्णनात लिहिलेलं: अस्सल बकआय, भट्टीत वाळवलेलं, रेझिनने स्टॅबिलाइझ केलेलं (म्हणजे लाकडाच्या आतपर्यंत रेझिन मुरवून ते घट्ट केलेलं). बावीस इंच लांब, सात इंच रुंद, पाव इंच जाड, दोन फळ्या, सव्वातीनशे डॉलर. फोटो अप्रतिम. पैसे थेट खात्यात पाठवले तर दहा टक्के कमी करतो म्हणाला, मी क्रेडिट कार्डच वापरलं.

पार्सल आलं तेव्हा दोन्ही फळ्यांवर चारी बाजूंनी मेणाचा जाड थर. मेण लावतातच, लाकूड एकदम सुकून तडकू नये म्हणून, पण ते ओल्या लाकडाला आणि मुख्यतः कडांना. भट्टीत वाळवून रेझिन भरलेल्या लाकडाला अख्खं मेणात बुडवायचं कारणच काय? इथेच संशय आला म्हणून आधी वजन केलं. साडेसहाशे ग्रॅम. एवढ्या मापाच्या मऊ लाकडात रेझिन नीट मुरलं असतं तर वजन किलोच्या आसपास जायला हवं होतं. मग एका कोपऱ्यात बोटभर मेण खरवडलं आणि ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया टोचल्या, आकडा १७ टक्के. गिटारला लागतं ६ ते ८ टक्के. आणि स्टॅबिलाइझ करताना लाकूड आधी ओव्हनमध्ये जवळजवळ पूर्ण कोरडं करतात, नाहीतर आत पाणी असलेल्या जागी रेझिन शिरणारच नाही, म्हणजे १७ टक्के ओलावा आणि स्टॅबिलाइझ या दोन गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत.

खरा धक्का पुढेच होता. पांढऱ्या सुती फडक्यावर अल्कोहोल घेऊन तोच कोपरा पुसला तर फडकं निळं झालं. शाईसारखं निळं. बुरशीने आलेला रंग लाकडाच्या आत असतो, तो असा फडक्यावर उतरत नाही. कडेवर रंधा मारला, दोन-तीन पापुद्रे निघाले आणि खाली सरळ फिकट पिवळसर लाकूड, त्यात बारीक काळ्या ठिपक्यांचे झुबके. माझ्याकडे पॉप्लर बर्लचा तुकडा होता, शेजारी धरला, तेच. म्हणजे स्वस्तातलं पॉप्लर, वरून निळा-राखाडी रंग, त्यावर मेण. दोन फळ्यांची नक्षीसुद्धा फक्त मधल्या जोडाजवळ जुळत होती, बाहेरच्या बाजूला ठिपके कुठल्या कुठे, एकापाठोपाठच्या फळ्या त्या नव्हत्याच.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. त्याचं उत्तर बघा: नैसर्गिक लाकूड आहे, फरक असणारच, आणि तुम्ही मेण काढलंय, रंधा मारलाय, म्हणजे मालात बदल केलाय, परत घेता येणार नाही. खरी मेख हीच आहे. मेण काढल्याशिवाय आत काय आहे कळत नाही आणि मेण काढलं की परत घेत नाहीत! हे असं मुद्दाम रचून ठेवणाऱ्या माणसाची मला मनापासून चीड आली, कारण यात नुसते पैसे जात नाहीत, असा ओला टॉप कुणी कोरड्या बॉडीवर चिकटवला तर बर्लचे तंतू सगळ्या दिशांनी गेलेले असतात, ते सुकताना वाट्टेल तसे आकसतात, वर्षभरात जोड उघडतो, फिनिशला चिरा जातात आणि गिऱ्हाईक बनवणाऱ्याला दोष देतं.

कार्डवाल्या बँकेकडे तक्रार केली. वर्णनात लिहिलेले शब्द, मीटरचा फोटो, काट्यावरचं वजन, निळं फडकं, सगळं जोडलं. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर पैसे मिळाले, पाठवणावळ गेली. थेट खात्यात पाठवले असते तर एक सेंट मिळाला नसता, दहा टक्के सूट त्यासाठीच होती.

म्हणून पैसे द्यायच्या आधी एवढं मागाच. फोटो कोरड्या लाकडाचा हवा, कारण पाणी किंवा स्पिरिट मारून काढलेल्या फोटोत कुठलंही लाकूड झळकतं. दोन्ही फळ्यांच्या दोन्ही बाजू, आणि कडेचा फोटो हवाच, खोटेपणा आधी कडेला दिसतो. काट्यावर ठेवून वजन. एका कोपऱ्यातलं मेण त्यांनीच खरवडायचं आणि तिथे मीटर टोचून आकडा दाखवायचा. आणि तपासण्यापुरतं मेण काढलं तरी परत घेऊ हे लेखी. फोटो "नमुन्यादाखल" आहे असं कुठे बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर तिथून उठा, बर्लमध्ये नमुना वगैरे काही नसतो, तुम्ही तोच एक तुकडा विकत घेत असता. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

पुण्या-मुंबईहून मागवणाऱ्यांनी तर जास्तच जपा. भारतात लाकूड आणायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (लाकडात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, ते नसेल तर माल कस्टम्समध्ये अडकतो, आणि परत पाठवायचा खर्च इतका येतो की लोक नाद सोडून देतात, हे विक्रेत्यांना चांगलं माहीत असतं. त्यात आपला पावसाळा, अर्धवट वाळलेली बर्ल जूनमध्ये फुगणार आणि उन्हाळ्यात तडकणार.

अजून एक, लाकूड आलं कुठून ते विचारा. इथे उत्तर कॅलिफोर्नियात रेडवुडच्या जिवंत झाडांच्या बर्ल रात्री येऊन करवतीने कापून नेत होते, इतकं वाढलं की २०१४ मध्ये रेडवुड नॅशनल अँड स्टेट पार्क्समधून जाणारा एक रस्ता रात्री बंद ठेवायला लागला. चोरीचा माल विकणारा जागा सांगत नाही. ज्याने स्वतः खणून काढलीय तो हौसेने सांगतो, मी आता ज्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून बकआय घेतो ते तर झाड कुठल्या उतारावर पडलं होतं त्याचा फोटो आधी पाठवतात आणि किंमत नंतर.